सुकाणूवरचा माणूस

इस्माईल, तुझा फोटो मी उघडला.

तू असतास तर हात धरला असतास माझा. "उघडू नको अनंता, वारा लागंल त्याला," म्हणाला असतास. मी म्हणालो असतो, वाळवी लागलेली चालते आणि वारा लागलेला चालत नाही होय? मग तू फ्रेम छातीशी धरून आत निघून गेला असतास आणि जैतूनभाभीने चहा आणून विषय बदलला असता. हे भांडण आपण इतक्यांदा केलंय की आता दोन्ही बाजूंनी मी एकटाच बोलू शकतो. तू गेल्यापासून तेच करतो आहे. परवा आखातात जाणारा एक मुलगा पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुलावर बसला होता. तो बिचारा विचारतो, "काका, माझ्याशी बोलताय?" नाही रे, म्हटलं, तू हनुवटी वर कर.

तुझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस त्या फोटोपाशी थांबायचा. दारातून आत शिरलं की डाव्या भिंतीवर, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. ओहोटीचा चिखल, चिखलात जरा कललेलं गलबत, त्याच्या काठावर पाय सोडून बसलेले खलाशी आणि मागे सुकाणूच्या दांड्यावर हात ठेवून उभा असलेला एक माणूस. खलाशांच्या डोक्याच्या टोप्या दिसतात, दोरखंडाचे पीळ दिसतात, लाकडाला चिकटलेली कालवंसुद्धा दिसतात. फक्त सुकाणूवरच्या माणसाला तोंड नाही. तिथे नुसता धूर आहे. फोटो निघत असताना त्याने मान फिरवली होती.

माझ्या अण्णांनी काढलेला तो फोटो. त्या काळातल्या काचेच्या प्लेटी आजच्या फिल्मसारख्या चपळ नव्हत्या. भिंगावरचं झाकण काढायचं, अण्णांनी तोंडाने मोजायचं, आणि तोवर समोरच्याने श्वास धरून राहायचं. माणूस एक वेळ श्वास धरतो, पाण्यावरचं गलबत कसं धरणार? नांगर टाकलेलं असलं तरी ते डुलतंच. म्हणून अण्णा ओहोटीची वाट बघत बसायचे. पाणी उतरून गलबत चिखलात टेकलं, की मग यांचा कॅमेरा तिपाईवर चढायचा आणि हे काळ्या फडक्यात शिरायचे. त्यामुळे अण्णांच्या साऱ्या फोटोंत गलबतं चिखलात बसलेली आहेत, पाण्यावर तरंगणारं एकही नाही. मुंबईचा एक पाहुणा ते बघून म्हणाला होता, तुमच्या रत्नागिरीला समुद्र नव्हता वाटतं तेव्हा? तू त्याच्या अंगावरच गेला होतास.

ते गलबत तुझ्या वडिलांचं. तांडेल होते ते त्यावर, सगळे खलाशी त्यांच्या हाताखाली. हंगामाच्या शेवटच्या फेरीला मंगळुरी कौलं भरून निघालं आणि वादळात सापडलं. परत आलं नाही. तू तेव्हा इतका लहान की पुढे तुला त्यांचा आवाजही आठवत नव्हता, तोंड तर लांबच. पावसाळा ऐन भरात असताना तुझी आई आमच्या स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसली. बंदरावर गलबताचा फोटो काढला होता, तो द्या म्हणाली. अण्णा म्हणाले, हवा दमट आहे, गणपती होऊन जाऊ देत, मग देतो. ती उठलीच नाही. भिजत बसून राहिली. आमची आई तिला आत ये म्हणाली तर तीही नको. शेवटी अण्णांनी तो फोटो छापला, चांगली सागवानी फ्रेम करून दिला.

फोटो हातात घेऊन तुझी आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "गलबत आमचा हाय. मानूस ह्यो नाय."

कारण सुकाणूवर उजवा हात होता. तुझे वडील डावखुरे. घरातल्या म्हाताऱ्यांच्या धाकाने जेवायचे तेवढे उजव्या हाताने. बाकी दोर ओढणं, गाठ मारणं, मासा साफ करणं, सुकाणू धरणं, सगळं डाव्या हाताने. बंदरावर लोक त्यांना दुरून त्या हातावरून ओळखायचे. फोटोतला माणूस उजव्या हाताने दांडा धरून उभा होता, म्हणजे तो दुसरा कुणीतरी होता आणि तुझे वडील तेव्हा किनाऱ्यावर कुठे तरी असणार. तिने फोटो भिंतीवर लावला तो गलबतासाठी. माणसाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

तिच्या पश्चात मात्र तू काढलंस. आईसमोर तोंड उघडायची तुझी हिंमत नव्हती आणि ती गेल्यावर माझ्या मागे लागलास. मांडवीच्या धक्क्यावर संध्याकाळी शेंगा खात बसायचो ना आपण, तिथे गाडी कुठूनही निघाली तरी फोटोवर येऊन थांबायची.

"माजा बापूसच हाय तो."

"तुझी आई नाही म्हणाली."

"आय रडत व्हती. रडत्या डोल्यांना काय दिसतंय?"

"हात दिसतो. आंधळ्यालाही दिसेल असा हात आहे."

"येकांद्या दिशी ठेवला आसंल उजवा. फोटूसाठी. तुम्ही फोटूवाले मानसाला कायपन करायला लावताव."

हे खरं आहे, लावतो आम्ही. तरी मी हटायचो नाही. तू म्हणायचास, "तुला काय जातंय रं? तुज्या अण्णानं फोटू काढलाय, तू फोटूवाला. तू येकदा व्हय म्हटलास का झाला." आणि मी म्हणायचो, जे फोटोत दिसतं ते मी बोलणार, तुझ्यासाठी वेगळं आणि गावासाठी वेगळं मला जमणार नाही. मग तू मला भटा म्हणून एक सणसणीत शिवी द्यायचास, शेंगांची पुडी माझ्या मांडीवर आपटायचास आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच यायचास.

मी तेव्हा चुकत होतो असं मला आजही वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. उजवा हात दिसत होता, मी उजवा म्हणत होतो. यापलीकडे फोटोवाल्याने काय करायचं असतं?

मूळ काच मिळाली असती तर निकाल लागला असता. भिंग लावून त्या धुरात नाकडोळे शोधता आले असते. पण काच नव्हती. फिल्म आल्यावर जुन्या प्लेटींना कोण विचारतो? आम्ही त्या गरम सोड्याच्या पाण्यात टाकून धुऊन काढल्या आणि गणपती-लक्ष्मीच्या तसबिरींना लावल्या. रत्नागिरीतल्या कितीतरी देव्हाऱ्यांत आज देवासमोर जी काच आहे तिच्यावर एके काळी बंदर होतं. तुझीही तशीच गेली असणार, असं मी म्हणायचो. तू मान हलवायचास. "ती नाय धुवायचा तुजा बापूस." मी विचारायचो, कशावरून? तू पुडीतली पुढची शेंग फोडायचास.

एकदाच तू मला खरं कारण सांगितलंस. धक्क्यावर त्या दिवशी वारा पडला होता आणि तू शेंगांना हात लावला नव्हतास. म्हणालास, फोटो काढला तेव्हा आईने तुला कडेवर घेऊन बंदरावर नेलं होतं, हे तिनेच सांगितलेलं. आणि तुला वाटतं की तू हाक मारली असणार. "बाबा म्हनून वरडलो आसंन मी. म्हनून त्यानं मान वलवली. दुसरा कोन कशाला वलवंल?" मी थट्टेवारी नेलं. म्हटलं, बोलायला तरी यायला लागलं होतं का तुला तेव्हा? तू हसलास, पण तू बघत होतास समुद्राकडे. मला तेव्हा कळलं की तुला फक्त बाप नको होता. तुझ्या हाकेला वळून बघणारा बाप हवा होता. त्याचं तोंड पुसलं गेलं तरी चालेल, पण ते तुझ्यामुळे पुसलेलं असायला हवं होतं.

कळलं, तरी मी होय म्हणालो नाही. त्यानंतर तर मुळीच नाही. अशा गोष्टीला उगाच होय म्हणायचं म्हणजे मित्राच्या हातात खोटं नाणं ठेवायचं, असं मला वाटे.

तू आयुष्यभर दोरखंड विकलेस, जाळी विकलीस, होड्यांचे खिळे आणि रंग विकलेस. मिरकरवाड्यातल्या निम्म्या होड्या तुझ्या दुकानातून समुद्रात गेल्या. तू स्वतः मात्र कधी पाण्यात पाऊल घातलं नाहीस. आईने शपथ घातली होती, ती तू तिच्या मागेही पाळलीस. भाट्याचा पूल झाला तेव्हा सगळ्या रत्नागिरीत तुझ्याइतका आनंद कुणाला झाला नसेल. आता खाडी ओलांडायला होडी नको, म्हणालास, आणि पेढे वाटलेस. दुकानात एखादा नवा खलाशी आला की तू त्याचा हात बघायचास. कुठल्या हाताने दोर तपासतो ते. डावखुरा निघाला की भाव कमी करायचास. मी हे बघितलं आहे आणि त्यावरून तुला कधी चिडवलेलं नाही, याची नोंद घे.

तुला पोहोचवायला गेलो तेव्हा पाऊस नुसता ओतत होता. तुझा कुवेतचा मुलगा अजून विमानातच होता. माझ्या खांद्याला खांदा लागला तो तुझ्या दुकानातल्या माणसांचा. मातीची मूठ टाकायची वेळ आली आणि हातात आला तो तांबडा चिखल, बोटांतून निसटणारा. मला काय वाटलं सांगू? वाटलं, आता गलबत टेकलं. आता हा हलणार नाही. अण्णांचंच पोर मी, दुसरं काय सुचणार.

मुलगा आला, राहिला आणि रजा संपली म्हणून गेला. भाभी घरात एकटी आणि मी इथे स्टुडिओच्या मागच्या खोलीत एकटा. मांडवीवर जाऊन बघितलं दोनदा. धक्क्यावर बसलो की शेजारची जागा इतकी मोठी वाटते की मी उठून चालायला लागतो. शेंगावाल्याने सवयीने दोन पुड्या बांधल्या. मी दोन्ही घेतल्या, आता त्याला काय सांगत बसू?

मग एका दुपारी भाभी प्लास्टिकच्या कापडात गुंडाळून फ्रेम घेऊन आली. तुझा चाळिसावा दिवस जवळ आलेला, लोक घरी येणार, आणि फ्रेमच्या एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. "अनंतभाऊ, ह्येवडी नीट करून द्या. त्यांनी मला हातसुदा लावू दिला नसता," म्हणाली. टेबलावर ठेवताना फ्रेम धप्पदिशी वाजली. तू नेहमी म्हणायचास ना, माझा फोटो जड आहे, आत माझा बाप आहे. मला ते तुझं नुसतं बोलणं वाटायचं.

मागचे खिळे काढले. पुठ्ठा ओला होऊन फुगला होता, तो सोलून काढावा लागला. पुठ्ठ्याच्या आत मेणकागदाची पुडी. पुडीत काच.

इस्माईल, अण्णांनी ती धुतली नव्हती. ज्यांचं गलबत गेलं त्यांना त्यांनी काचही देऊन टाकली होती, फोटोच्या पाठीला लावून, कुणाला न सांगता. आमच्या आईलाही माहीत नसावं. इतकी वर्षं ती तुझ्या भिंतीवर होती, तुझ्या डोक्यामागे, आणि तू तिच्यावर पहारा देत होतास. माझ्यापासून! मला हसू आलं आधी. मग मी तुला तुझ्याच भाषेतली एक सणसणीत शिवी दिली. मग स्टुडिओचं दार लावून घेतलं आणि रडलो. तू गेलास त्या दिवशी रडू आलं नव्हतं.

काचेला दोन बाजू असतात. एक चकचकीत आणि एक मंद, जिच्यावर चित्र असतं ती. मंद बाजू पलीकडे ठेवून चकचकीत बाजूने बघितलं की जग जसं होतं तसं दिसतं. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेलं असतं तेवढंच. मी काच तशी खिडकीत धरली. काळं आभाळ, पांढरा चिखल. आणि गलबताचं तोंड भलतीकडेच.

मला वाटलं, मीच उलटी धरली. फिरवून बघितली, बोटाने चाचपून बघितली. नाही. बरोबर धरली होती. तुझ्या भिंतीवरचा फोटो उलटा होता, आरशात बघावं तसा.

अण्णांसारख्या माणसाने असं का करावं ते कळेना. अशी चूक तर शिकाऊ माणूसही करणार नाही. मग मी ती काच छापायला बसलो. मंद बाजू कागदाला टेकवली, चौकट आवळली, उजेड दिला. उघडतो तर काचेचा कोपरा कागदाला चिकटलेला. आपल्याकडच्या या हवेत त्या बाजूचा लेप मऊ पडतो, भाताच्या पेजेसारखा बुळबुळीत होतो. ओढला तर सुटून येतो. आभाळाचा एक तुकडा मी असाच घालवला. तेव्हा कुठे अण्णा समजले. पायरीवर एक बाई भिजत बसलेली, पाऊस थांबायची चिन्हं नाहीत, आणि काच तर वाचायला हवी. म्हणून त्यांनी ती मुद्दाम पालथी घातली. चकचकीत बाजू कागदाकडे. फोटो जरासा भुरकट येतो, पण काच वाचते. भुरकटपणा मी बघितला होता आणि तो दमटपणाच्या खात्यावर टाकला होता. त्या फोटोत ना एखादं अक्षर, ना मागे भगवतीचा डोंगर, ज्यावरून उलटसुलट ओळखावं. गलबताने डावीकडे तोंड केलं काय नि उजवीकडे काय, अण्णांच्या लेखी फरक नव्हता. सुकाणूवर एक डावखुरा माणूस उभा आहे हे त्यांना कोण सांगणार होतं? आणि तुझ्या आईने फोटो बघून जे म्हटलं, ते तरी त्यांनी का म्हणून उलटून विचारावं? रडणाऱ्या बाईशी कोण वाद घालतं.

तर आता ऐक. सुकाणूवर डावा हात आहे.

तुझी आई बरोबर होती, कारण तिला उजवा दिसला. मी बरोबर होतो, मलाही उजवाच दिसला. आणि तू, ज्याच्याकडे कसलाही पुरावा नव्हता, तूही बरोबर होतास. हे सांगायला मी छत्री घेऊन निघालोसुद्धा होतो. तुझ्या दुकानाच्या वळणापर्यंत गेलो. फळ्या लावलेल्या दिसल्या तेव्हा आठवलं.

भिंगही लावून बघितलं. धुरात नाकडोळे सापडले नाहीत. मान कुठल्या बाजूला वळली एवढं कळतं, कुणाच्या हाकेने ते कळत नाही. आणि मी अजून तोच हेकट माणूस आहे, हे तुझ्यापासून काय लपवणार. डावा हात म्हणजे तुझा बापच असं काही कागदावर लिहिलेलं नाही. बंदरात आणखी एखादा डावखुरा असूही शकेल. तू समोर असतास तर हे मी नक्की बोललो असतो आणि तू शेंगा माझ्या अंगावर फेकल्या असत्यास. काय दिलं असतं मी त्या शेंगांसाठी!

उघडीप मिळायची वाट बघितली. एक दिवस ऊन पडलं, काच भाजलेल्या तांदळाच्या डब्यात ठेवून कोरडी केली आणि फोटो सुलटा छापला. कोपऱ्यातलं आभाळ नाही, बाकी सगळं लख्ख आहे. कालवंही मोजता येतील अशी. काच अण्णांनी ठेवली होती तशीच पुन्हा मेणकागदात गुंडाळून फोटोच्या पाठीशी ठेवली. जड आहे म्हणायचास, ते खोटं व्हायला नको.

काल घेऊन गेलो. भाभीने तोच खिळा दाखवला. मी फोटो अडकवला आणि मागे सरलो. तू येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचास ना, माझ्या बापाचं गलबत बघा, तोंड कायम दाराकडे, कधी बघावं तर निघालेलंच. भाभीने ते हजारदा ऐकलेलं. ती पदराने हात पुसत आली, बघत राहिली, एकदा दाराकडे बघितलं, एकदा फोटोकडे.

"अगो बाय," म्हणाली, "ह्या तर घरात येताय."

मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "अनंतभाऊ, सासरेच ना हे?"

मी होय म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो, घरात तिसरं कुणी नसताना.